चेंडू हवेत असताना

भोंग्याचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. रेडिओवर बास्केटबॉलची कॉमेंट्री करताना त्याचा आवाज असा काही लागायचा की लोकांनी त्याला भोंगा म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे तर खऱ्या नावानं कुणी हाक मारली की तोच इकडेतिकडे बघायचा, हा कोण बुवा म्हणून.

त्याला एक खोड होती. बाकीचे कॉमेंटेटर जे झालं ते सांगायचे; भोंगा जे होणार ते सांगायचा. चेंडू खेळाडूच्या बोटांतून सुटायचा अवकाश, की हा वरच्या लाकडी केबिनमधून 'बास्केट!' म्हणून मोकळा, नाहीतर 'हुकला!' म्हणून. चेंडू बापडा मागाहून सावकाश यायचा आणि याचा शब्द खरा करायचा. खेळाडूचा खांदा, मनगट आणि पाय बघितले की भोंग्याला कळायचं. त्यात जादूटोणा काही नव्हता, नुसती नजर होती. निदान तेव्हा तरी.

शहराचे तेव्हा दोन भाग होते आणि दोघांचे दोन पगारी संघ: खालचा बंदर संघ आणि वरचा टेकडी संघ. लीगमध्ये बाकीचे संघही होते, पण ते आपले संख्या भरायला. बंदराकडचा माणूस टेकडीवरच्या न्हाव्याकडे दाढीला बसायचा नाही. मॅचच्या आठवड्यात आपली मान कुणाच्या हातात द्यायची याचा विचार करावा लागतो. ठरलेल्या सोयरिकी मोडल्या, सख्ख्या भावांनी अबोला धरला. आताच्या लीगमध्ये मॅच संपली की हरलेला जिंकलेल्याच्या गळ्यात पडून फोटो काढतो आणि पुढच्या महिन्यात दोघं मिळून शाम्पूची जाहिरात करतात. असल्या खेळाला काय चाटायचंय?

या वैराच्या मुळाशी दोन माणसं होती. बंदर संघाचा बगळा आणि टेकडी संघाचा रेडा. बगळा उंच, काटकुळा. फ्री थ्रो घेण्याआधी क्षणभर एका पायावर उभा राहायचा म्हणून बगळा. रेडा आडवा, अंगानं भक्कम. समोर कोण आहे हे न बघता मुसंडी मारायचा म्हणून रेडा. दोघं समोरासमोर आले की पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेऊन बसायचे.

बगळा म्हणजे भोंग्याचा शाळेपासूनचा जिवलग. पण खेळताना तो चुकूनही वरच्या केबिनकडे बघायचा नाही. "तू आधीच सगळं सांगून टाकतोस लेका," तो म्हणायचा. "वर बघितलं आणि तुझ्या तोंडावर माझंच काहीतरी दिसलं तर? भीती वाटते मला."

आणि एका फायनलमध्ये, रिंगपाशी चेंडूसाठी रेड्यासोबत उडी मारलेला बगळा खाली आला तो उभा राहिलाच नाही. तिथंच, लाकडी फरशीवर, हजारो लोकांदेखत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवशी भोंग्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. रेडिओ बिघडला असं समजून घरोघरी लोकांनी रेडिओ थोपटले.

पुढचं असं की बगळ्याच्या बायकोच्या दुःखात जाऊन बसता बसता, बाजारहाट करता करता, भोंग्यानं तिच्याशी लग्न केलं. शहरानं थोडी तोंडं वाकडी केली आणि मग गप्प बसलं. त्यांना एक मुलगी झाली. बगळ्याचा फोटो जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला होता आणि मुलगी त्याला काका म्हणतच मोठी झाली.

ही मुलगीच आता भोंग्यापुढे हात जोडून उभी होती. ती एका वाहिनीत साउंड एडिटर होती.

"बाबा, जुन्या मॅचेसची रिळं सापडलीत. बंदर-टेकडीचे. क्लबनं स्वतःच्या कॅमेऱ्यानं घेतलेली. पण मुकी आहेत रे सगळी. रेडिओच्या टेपा पुसून त्यावर भजनं का काय ते भरलं होतं म्हणे."

"बातम्या भरल्या होत्या," भोंगा म्हणाला. "बाजारभाव. बगळ्याच्या फ्री थ्रोवर कांद्याचा भाव."

"म्हणून तर म्हणते, तू नव्यानं बोल. पडद्यावर बघायचं आणि बोलायचं. लोक वेडे होतील. आजची लीग कोण बघतंय?"

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम टाकलं होतं. बापाला कुठं गुदगुल्या होतात ते लेकीला बरोबर ठाऊक असतं. भोंगा तयार झाला.

रेकॉर्डिंगची खोली लहानशी होती. भिंतींना करडा स्पंज, मधे माइक, समोर पडदा, आणि उजव्या हाताला मोठी काच. काचेपलीकडे लेक कानाला हेडफोन लावून बसलेली, खुर्चीच्या पाठीवर तिचा मोरपंखी स्वेटर.

खाली इमारतीच्या दाराशी चहावाला होता, बंदराकडचा, भोंग्याच्याच वयाचा. त्यानं भोंग्याला बघताच दात काढले. "काय साहेब? बास्केट का?"

याचा अर्थ सांगायला हवा. भोंग्याचा शब्द आयुष्यात एकदाच खोटा पडला होता. बगळा आणि रेडा पहिल्यांदा समोरासमोर आले त्या मॅचमध्ये अगदी शेवटी बगळ्यानं लांबून चेंडू टाकला, भोंगा 'बास्केट!' म्हणून ओरडला, बंदरातल्या लोकांनी टोप्या उडवल्या, आणि चेंडू रिंगवर फिरून बाहेर पडला. बंदर एका गुणानं हरलं. तेव्हापासून गावभर ते वाक्य झालं. भोंगा दुकानात गेला, दवाखान्यात गेला, स्वतःच्या लग्नात उभा राहिला, तरी कुणीतरी डोळा घालून विचारायचंच, "बास्केट का?"

पहिलं रीळ नेमकं त्याच मॅचचं होतं.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर ती सगळी तरणी पोरं धावायला लागली. बगळ्याच्या बुटांची सैल नाडी, रेड्याच्या कपाळाला बांधलेला रुमाल, रिंगमागे भिंतीवर उडालेला रंगाचा पोपडा, सगळं जिथल्या तिथं. बोलायला सुरुवात केली आणि आवाज तसाच लागला. काचेपलीकडे लेकीनं अंगठा वर केला.

शेवट जवळ आला. काय होणार ते भोंग्याला माहीत होतं, जगाला माहीत होतं. पण चेंडू बगळ्याच्या बोटांतून सुटला तसा इतक्या वर्षांचा मुरलेला घसा मालकाला न विचारता बोलून गेला.

"बास्केट!"

चेंडू रिंगवर आदळला, एक फेरी फिरला, आणि आत पडला.

भोंगा बघतच राहिला. पडद्यावर टोप्या उडाल्या. खेळाडू बगळ्याच्या अंगावर पडले. त्या घोळक्यातून बगळ्यानं मान काढली आणि वर, केबिनकडे बघितलं. जो माणूस जन्मात कधी वर बघत नव्हता तो आता सरळ भोंग्याच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. काहीतरी ऐकल्यासारखा तो दिसत होता.

"झकास!" लेकीचा आवाज हेडफोनमध्ये आला. "पण बाबा, तू शेवटी गप्प का झालास?"

"तो चेंडू आत गेला," भोंगा म्हणाला.

"हो मग? त्यासाठीच तर ही मॅच घेतली. तूच सांगायचास ना लहानपणी, झोपताना."

भोंगा जिना उतरून खाली आला. चहावाल्यानं कप पुढे केला. "बसा साहेब. आवाज बसला असेल ना बोलून बोलून?" एवढंच. डोळा नाही, दात नाहीत. भोंगा कप हातात धरून मुद्दाम उभा राहिला, तो विचारेल म्हणून वाट बघत राहिला. ज्या प्रश्नानं आयुष्यभर छळलं, तो आज कुणीतरी विचारावा म्हणून त्याचा जीव कासावीस झाला.

शेवटी त्यानंच विचारलं, "अरे, ते बास्केटचं..."

"कसलं साहेब?" चहावाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ अदब होती.

वय झालं, भोंग्यानं स्वतःला समजावलं. माणूस म्हातारा झाला की आठवणींची उलथापालथ होते. बायको तर रोजच म्हणते, चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधता. पण एक गोष्ट आपल्या हातानं तपासून बघता येईल असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती तपासली.

दुसऱ्या रिळात बगळ्याचं कोपर रेड्याच्या भुवईवर बसतं. रक्ताची धार लागते, मॅच थांबते, दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून जातात. रेड्याच्या डाव्या भुवईची त्या दिवशी जी दोन शकलं झाली ती कायमची. मधल्या पांढऱ्या व्रणावर पुन्हा केस उगवले नाहीत.

बगळा वळायला लागला तसा भोंगा घाईनं बोलला, "बगळ्यानं कोपर आवरलं! रेडा वाचला!"

आणि बगळ्यानं कोपर आवरलं. अगदी शेवटच्या क्षणी, कुणीतरी मागून धरावं तसं. मॅच पुढे चालू राहिली. बगळा मात्र धावता धावता दोनदा वर बघून गेला. दुसऱ्यांदा त्यानं हात कपाळावर आडवा धरला होता, उन्हातून कुणाला तरी ओळखायचं असल्यासारखा.

रेड्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. गुडघे गेल्यापासून तो उंच स्टुलावर बसून चेंडूंना टाके घालायचा, हवा भरायचा. मॅचेस संपल्या तशी दोघांची बऱ्यापैकी मैत्री झाली होती. वैर आठवायला तरी दुसरं माणूस लागतंच. रेड्याला रात्री झोप नसायची. डोळे कायम लाल, खाली काळी वर्तुळं. शहर म्हणायचं, दारू. भोंग्याला खरं कारण ठाऊक होतं.

भोंगा दुकानात शिरला आणि त्यानं आधी भुवई बघितली. डावी भुवई अखंड होती. जाड, पिकलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तो समोरच्या बाकावर बसला. रेड्यानं पाणी दिलं, आणि भोंग्यानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेडा आधी हसला. भुवईवरून बोट फिरवून म्हणाला, "व्रण? मला? आईनं एवढी गोरीगोमटी भुवई दिली ती काय फोडून घ्यायला?" पण भोंग्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसणं हळूहळू थांबलं. त्यानं हातातला चेंडू खाली ठेवला.

"उद्या कुठली मॅच आहे?"

"शेवटची."

रस्त्यावरून एक ट्रक गेला तशा शेल्फावरच्या ट्रॉफ्या किणकिणल्या.

"मी ढकललं होतं त्याला," रेडा म्हणाला. "तुला माहितेय. हवेत असताना कमरेला हात लावला. रेफरीला दिसलं नाही, कुणाला दिसलं नाही. डॉक्टर म्हणतात हृदय. असेल. पण माझ्या तळहाताला अजून त्याची कंबर लागते रे भोंग्या. डोळे मिटले की लागते." त्यानं आपला रुंद पंजा पुढे केला, जणू तिथं काही दिसणार होतं. "उद्या तू बोल. तो नीट उतरला म्हण. एवढंच. पायांवर उतरला म्हण."

"आणि मग?"

"मग काय मग? जिवंत राहील! सत्तरीचा होऊन इथं बसेल, आपल्याला शिव्या देईल..."

बोलता बोलता रेडा थांबला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरलेला भोंग्यानं बघितला. बगळा जिवंत राहिला तर त्याची बायको त्याचीच बायको राहणार होती. भोंगा दाराशी आलेला मित्र असणार होता, चहा पिऊन जाणारा. आणि काचेपलीकडची ती मुलगी कुठून येणार होती?

"अरे देवा," रेडा पुटपुटला. "पोरगी." त्यानं चेंडू पुन्हा उचलला आणि सुई शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती. "मी काही बोललो नाही असं समज. ऐकतोयस ना? मी बोललोच नाही."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. संध्याकाळचं पिवळं ऊन भिंतीवरच्या फोटोवर आलं होतं. भोंगा टेबलाशी बसला. कसं विचारावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं सरळच विचारलं.

"तो त्या दिवशी उठला असता तर?"

बायकोनं वर बघितलं नाही. "आज काय हे? रीळ बघून मन हळवं झालं वाटतं."

"सांग ना."

"उठला असता तर मी आनंदानं वेडी झाले असते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? किती वर्षं मी सकाळी उठताना तेच मागत होते. तुमच्या शेजारी झोपून मागत होते, तेही ऐका आता." तिनं लेकीचा मोरपंखी स्वेटर उचलला, बाह्या आत घेतल्या, हातानं सारखा केला. "मग ही झाली. हिला पहिल्यांदा ताप आला ना, तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी लक्षात आलं, आज मागायचं राहिलंच. त्यानंतर कधी मागितलं नाही."

"म्हणजे तुला..."

"म्हणजे काही नाही. मला विचारू नका. या बाजूला बोट केलं तर त्याला मी मारलं, त्या बाजूला केलं तर हिला. असलं काय विचारता हो माणसाला?" तिचा आवाज चढला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. स्वेटर तिनं छातीशी धरला होता.

भोंग्यानं रात्रभर विचार केला आणि एक पळवाट शोधली. त्या दिवशी आपण गप्प होतो, तसंच उद्याही गप्प राहायचं. न बोलण्यानं काही बदलत नाही. जे झालं ते झालं तसंच राहील, आणि आपल्या तोंडाला काही लागणार नाही. पळवाट चांगली होती. सकाळी त्याला चहाही गोड लागला.

तिसऱ्या दिवशी लेक खुशीत होती. स्वेटर आज तिनं अंगात घातला होता. खोली गार पडली होती. "बाबा, हे शेवटचं. काकांचं. जमेल ना तुला? नाहीतर आपण नको करूया."

"जमेल," भोंगा म्हणाला.

पडद्यावर फायनल सुरू झाली. आज गर्दीत काहीतरी वेगळं होतं, आणि ते काय ते समजायला भोंग्याला वेळ लागला. पहिल्या रांगेतले लोक खेळाकडे बघत नव्हते. त्यांचे चेहरे वर, केबिनकडे होते. दर थोड्या वेळानं आणखी काही चेहरे वळत होते, पाठीमागच्या रांगांतले, अगदी गॅलरीतले. भोंग्यानं अंग आखडून कॉमेंट्री चालू ठेवली. बोलताना तो फार जपून, झाल्यावरच बोलत होता, आयुष्यात पहिल्यांदा.

चेंडू रिंगवरून उडाला. बगळा आणि रेडा रिंगखाली आले, गुडघे वाकवले. रेड्याचा पंजा बगळ्याच्या कमरेकडे निघालेला भोंग्याला दिसला. दुकानातला तो पंजा त्याला आठवला, त्याचे लाल डोळे आठवले, आणि गप्प बसायचं ठरलेलं असताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "रेडा मागे सरला! हात वर! स्पर्शसुद्धा नाही!"

रेडा मागे सरला. हात डोक्यावर, बगळ्यापासून चांगला हातभर लांब. बगळा एकटाच उडाला.

आणि वरच राहिला.

चेंडू खाली पडला, टप्पे घेत बाजूला गेला. कुणी त्याच्यामागे धावलं नाही. रेडा जमिनीवर उभा होता, रेफरी शिटी तोंडात धरून उभा होता, रीळ चालू होतं, कोपऱ्यातला पंखा फिरत होता. बगळा फरशीपासून वर, हवेत, एक पाय किंचित दुमडून थांबला होता. त्यानं मान वळवली आणि केबिनकडे बघितलं. घाई नव्हती त्याच्या नजरेत. ऐकायला थांबलेला माणूस असतो तसा तो थांबला होता. आता सगळं स्टेडियम वर बघत होतं.

भोंग्यानं ओठ घट्ट मिटले. वाट बघितली. पंखा फिरत राहिला. गप्प राहून हे सुटणार नव्हतं, हे त्याला कळायला लागलं. तो बोलेपर्यंत बगळा खाली येणार नव्हता; ना पायांवर, ना तोंडावर.

"बाबा?" हेडफोनमध्ये लेकीचा आवाज. "बोल ना."

बगळा किती तरणा होता! नाकावर घामाचे थेंब होते. शाळेत याच पोरानं भोंग्यासाठी मार खाल्ला होता. याच पोरानं पहिल्या पगारात त्याला बूट घेतले होते. एवढी वर्षं झाली तरी याची आठवण आली नाही असा दिवस नव्हता. भोंग्याचं ऊर भरून आलं आणि तोंड आपोआप उघडलं.

"बगळा उत..."

काचेपलीकडे हालचाल झाली म्हणून त्यानं बघितलं. लेक हात उंचावून त्याला खूण करत होती, छान चाललंय, पुढे बोल. तिच्या स्वेटरमधून मागच्या खुर्चीची पाठ दिसत होती. खुर्चीचे खिळे दिसत होते. तिचं हसू मात्र अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तेवढं हवेत राहिलं होतं, आणि तिला स्वतःला काहीच माहीत नव्हतं.

भोंग्यानं जीभ चावली. तोंडात रक्ताची चव आली.

त्यानं पडद्याकडे बघितलं. बगळ्यानं अजून नजर हलवली नव्हती. भोंग्याच्या तोंडावर स्वतःचं काय दिसतंय ते तो बघत होता, ज्याची त्याला जन्मभर भीती वाटली होती. मग त्यानं मान हलवली, अगदी थोडी. होकार असावा, किंवा मानेवरचा घाम झटकला असावा. भोंग्याला वाटत राहिलं की होकारच होता. त्याला तसं वाटणं भागच होतं.

"पडला," भोंगा म्हणाला. आवाज स्वच्छ, मोठा, शहरभर जायचा तसा. "बगळा पडला."

बगळा खाली आला आणि पडला.

लेक दार उघडून आत आली. सगळी, स्वेटरसकट. तिचे डोळे ओले होते. तिनं बापाला मिठी मारली आणि त्यानं तिला इतकं आवळलं की ती म्हणाली, "बाबा, हाडं मोडशील." मग नाक पुसत म्हणाली, "तासाभरानं ये. जुळवून ठेवते, एकदा ऐक."

तो तास काढायला भोंगा रेड्याच्या दुकानात गेला. भर दुपारी दुकान उघडं आणि रेडा बाकावर आडवा, छातीवर हात ठेवून गाढ झोपलेला. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. भोंग्यानं खांद्याला हलवलं तेव्हा तो लहान मुलासारखा डोळे चोळत उठला.

"झोप लागते रे मला बसल्या जागी. बायको म्हणते, कुंभकर्ण." त्यानं भोंग्याचा चेहरा बघितला. "शेवटची केलीस ना आज? माझाही जीव तुटतो बघ. मी असा हातभर लांब होतो, हात वर करून. जवळ असतो तर झेललं असतं त्याला. कुणास ठाऊक, वाचलासुद्धा असता." तो क्षणभर थांबला. "पण मी लांब होतो. कुणाचाच हात लागला नाही त्याला. काळ आला, दुसरं काय?"

"हो," भोंगा म्हणाला. "कुणाचाच हात लागला नाही."

रेड्यानं चहा मागवला. भोंगा तो प्यायला. त्या कमरेवरच्या हाताची आठवण आता सगळ्या जगात त्याच्या एकट्याजवळ होती, आणि ती कुणाची होती हेही आता सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा लेकीनं त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःचे हेडफोन त्याच्या कानाला लावले. पडद्यावर बगळा उडाला. तिच्या पडद्यावर तो कुठंही थांबला नाही. उडाला, खाली आला, पडला, एका सलग उडीत. भोंग्यानं डोळे मिटले.

"एक गंमत ऐक," लेक हळूच म्हणाली. तिनं रीळ मागे घेतलं. "ही बघ तुझी खोड. काका अजून हवेत आहेत. त्यांना काही झालेलं नाही. आणि तू म्हणतोस, पडला. मग ते पडतात."

तिनं पुन्हा एकदा दाखवलं. आवाज आधी, माणूस मागाहून.

"लोकांना खटकेल रे. मी तुझा आवाज जरा पुढे ढकलते, पडल्यानंतर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिचं बोट बटणावर होतं. गुबगुबीत बोट, लहानपणी दारात चेमटलं होतं तेव्हापासून नख जरा वाकडं. भोंगा त्या नखाकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "जसं आहे तसं राहू दे."